दोराच्या झोक्याने ओढा ओलांडायचा हिशोब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडाच्या पारंबीला लोंबकळून जो कधी इकडून तिकडे गेलाय, सूरपारंब्या खेळलाय, त्याच्या डोक्यात हा प्रश्न कधीतरी येतोच, की समोरचा काठ अजून थोडा लांब असता तर पोचलो असतो का? मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो आणि दरवर्षी हा प्रश्न फळ्यावर येतोच येतो, कारण लंबक, ऊर्जा, वर्तुळाकार गती आणि फेकलेल्या वस्तूची गती असे चार धडे यात एकदम येतात. मुलं जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र केलेत. आकडे सगळे खरे काढलेले आहेत, वही घेऊन पडताळून बघा.

यात नेमकं काढायचं काय असतं?

तीन गोष्टी. माणूस समोर पोचतो का, मधे सगळ्यात खाली आल्यावर त्याचे पाय कशाला घासतात का, आणि त्या क्षणी दोरावर आणि हातांवर किती ताण येतो. बहुतेक जण फक्त पहिला प्रश्न सोडवतात आणि वही मिटतात, पण माणूस पडतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्यामुळे.

मॉडेल करायचं म्हणजे कशाकशाकडे दुर्लक्ष करायचं?

सुरुवातीला जवळजवळ सगळ्याकडे. माणूस म्हणजे एक ठिपका, दोराला वजन नाही, दोर ताणत नाही, फांदी हलत नाही, हवा नाही. हे ऐकून मुलं हसतात की मग उरलं काय, पण जे उरतं तेच महत्त्वाचं: एक ठरावीक लांबी, एक कोन आणि गुरुत्वाकर्षण. नंतर एकेक गोष्ट परत आत घ्यायची आणि बघायचं की उत्तर किती हललं. काहींनी अगदी थोडं हलतं (हवा), काहींनी बरंच हलतं (दोराचं ताणणं). ज्याने बरंच हलतं ते सोडून चालत नाही, एवढाच नियम.

दोराची लांबी कुठपासून कुठपर्यंत धरायची?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. फांदीपासून हातापर्यंत नाही, आणि पायापर्यंतही नाही. फांदीपासून तुमच्या गुरुत्वमध्यापर्यंत (शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू), म्हणजे ढोबळमानाने बेंबीच्या आसपास. हात वर करून लोंबकळलं की मोठ्या माणसाचा गुरुत्वमध्य मुठीच्या साधारण १ मीटर खाली असतो आणि पाय त्याच्याही १ मीटर खाली. म्हणजे फांदीपासून ४ मीटरवर दोर धरलात तर हिशोबाची लांबी ५ मीटर आणि पाय ६ मीटरवर. हे तीन आकडे वेगवेगळे लिहून ठेवा, एकच आकडा सगळीकडे वापरला की गडबड झालीच.

मोजायचा कंटाळा असेल तर घड्याळ आहे. दोराला लोंबकळून अगदी छोटे झोके घ्यायचे, दहा झोक्यांचा वेळ मोजायचा (एक झोका म्हणजे जाऊन परत येणं), दहाने भागायचं. त्या वेळेचा वर्ग करून ९.८ ने गुणा आणि ३९.५ ने भागा, लांबी मिळते. एका झोक्याला ४.४९ सेकंद लागले तर लांबी बरोबर ५ मीटर. मला ही पद्धत फार आवडते कारण गुरुत्वमध्य कुठे आहे यावर वाद घालायची गरजच उरत नाही, लंबक स्वतःच सांगतो.

एकदा आकडे घालून दाखवा ना.

घ्या. ओढा ६ मीटर रुंद, दोन्ही काठ एकाच उंचीचे, फांदी बरोबर मधोमध, हिशोबाची लांबी ५ मीटर. माणूस काठावर दोर ताठ धरून उभा, फांदीपासून सरळ खाली येणाऱ्या रेषेपासून ३ मीटर बाजूला. आता त्रिकोण काढा: तिरकी बाजू ५, आडवी ३, म्हणून उभी ४. हा ३-४-५ चा त्रिकोण मी मुद्दाम निवडलाय म्हणजे कॅल्क्युलेटर लागत नाही. कोन झाला साधारण ३७ अंश, त्याचा कॉस (उभी बाजू भागिले तिरकी) ०.८.

पाय उचलले की माणूस गोल वाटेने खाली येतो. सगळ्यात खाली गुरुत्वमध्य फांदीपासून ५ मीटरवर, सुरुवातीला तो उभ्यात ४ मीटरवर होता, म्हणजे तो १ मीटर खाली आला. ही उंची वेगात बदलली: वेगाचा वर्ग = २ × ९.८ × १, म्हणजे वेग सेकंदाला ४.४ मीटर, ताशी १६ किलोमीटरच्या आसपास, सायकलच्या वेगाएवढा. मग तोच वेग परत उंचीत बदलतो आणि माणूस समोर १ मीटर वर चढून बरोबर ३ मीटरवर पोचतो. एकूण ६. या काठापासून त्या काठापर्यंत वेळ लागतो साधारण २.३ सेकंद (छोट्या झोक्याच्या सूत्राने २.२४ येतो, पण कोन मोठा असल्यामुळे अडीच टक्के वाढवावा लागतो).

आणि पायांचं? गुरुत्वमध्य १ मीटर खाली आला म्हणजे पायही काठाच्या पातळीच्या १ मीटर खाली गेले. ओढ्याचं पात्र काठापासून मीटरभरच खोल असेल तर टाचा घासणार. दीड-दोन मीटर खोल असेल तर ठीक.

वजनदार माणूस जास्त लांब जातो का?

नाही. वेगाच्या समीकरणात दोन्ही बाजूला वस्तुमान येतं आणि कटतं. ३० किलोचा मुलगा आणि ९० किलोचा बाप्या एकाच ठिकाणाहून निघाले, हिशोबाची लांबी सारखी असली, तर एकाच वाटेने, एकाच वेळात, एकाच जागी पोचतात. वजनाचा फरक पडतो तो दोराला आणि हातांना, वाटेला नाही. वर्गात हे कुणाला पटत नाही म्हणून मी एक छोटं कुलूप आणि एक मोठं कुलूप सारख्या लांबीच्या दोऱ्यांना बांधून सोडतो, मग पटतं.

हिशोबात बरोबर समोरच्या काठावर पोचतो, मग खऱ्यात का पोचत नाही?

हा या सगळ्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्थिर उभं राहून निघालात तर झोका तुम्हाला जेवढी उंची दिलीत तेवढीच परत देतो, त्याहून एक बोटही जास्त नाही. दोन्ही काठ सारखे आणि फांदी मधोमध असेल तर आदर्श जगातसुद्धा तुम्ही समोरच्या काठावर पोचता तेव्हा वेग शून्य असतो. शून्य म्हणजे तुम्ही तिथे क्षणभर लटकलेले असता, पायाची बोटं जेमतेम काठाला लागलेली, आणि पुढच्याच क्षणी दोर तुम्हाला मागे ओढायला लागतो. म्हणजे हिशोबात "पोचतो" आलं तरी तो पोचण्याचा शेवटचा टोकाचा बिंदू आहे, उतरायला काही शिल्लकच नाही.

आता त्यात थोडी ऊर्जा वाया घालवा. समजा ८ टक्के गेली. मग समोर १ मीटरऐवजी ९२ सेंटिमीटर चढणार, कोन ३७ च्या जागी ३५.३ अंश, आणि आडवं अंतर ३ मीटरच्या जागी २.८९. अकरा सेंटिमीटर कमी. ऐकायला काहीच वाटत नाही, पण त्या अकरा सेंटिमीटरात माणूस परत मधे येतो, तिथून परत मागच्या काठाकडे, तिथेही पोचत नाही, आणि शेवटी ओढ्याच्या बरोबर मधोमध लटकून राहतो. आमच्या गावाकडच्या वडावर हे मी कितीतरी वेळा पाहिलंय आणि तेव्हा सगळे म्हणायचे की याने जोर कमी लावला. जोराचा संबंधच नव्हता, काठ सारखे होते.

उपाय म्हणजे सुरुवातीला उंची जास्त द्यायची. अर्धा मीटर मागे सरका, म्हणजे फांदीच्या रेषेपासून ३.५ मीटरवर, आणि दोर ताठ राहावा म्हणून ४३ सेंटिमीटर उंच दगडावर उभे राहा. आता तुम्ही १ नाही तर १.४३ मीटर खाली येता. त्यातले ८ टक्के गेले तरी १.३१ उरतात, समोरच्या काठाला १ पुरतो, म्हणजे काठावर पोचताना ३१ सेंटिमीटरएवढी ऊर्जा शिल्लक आणि वेग सेकंदाला अडीच मीटर. हा वेग जोरात चालण्यापेक्षा थोडा जास्त, पाय टेकून दोर सोडता येतो. एक दगड आणि अर्धं पाऊल, एवढाच फरक आहे बघा.

समोरचा काठ खालच्या पातळीवर असेल तर हेच काम आपोआप होतं. आणि समोरचा काठ तुम्ही उभे असलेल्या जागेपेक्षा वर असेल तर स्थिर उभं राहून निघून कधीच जमणार नाही, कितीही लांब दोर आणा.

ही ८ टक्के ऊर्जा जाते कुठे?

हवेचा अंदाज काढता येतो. माणसावर हवेचा रोध या वेगाला सरासरी ४ न्यूटनच्या आसपास येतो, वाट साधारण ६.४ मीटर लांब, म्हणजे पंचवीस-तीस ज्यूल. ६० किलोच्या माणसाची १ मीटर उंचीची ऊर्जा ५८८ ज्यूल. म्हणजे चार-पाच टक्के हवेनेच खाल्ले. बाकीचं फांदी हलण्यात, गाठ घासण्यात, दोर ताणून सुटण्यात, आणि माणसाचं शरीर मुठीभोवती वेगळंच डुलतं त्यात जातं. ८ हा काही पक्का आकडा नाही, फांदी बारीक असेल तर जास्तच जाईल.

पळत येऊन दोर पकडला तर जास्त फायदा होईल ना?

होतो, पण कुठे पकडता त्यावर आहे, आणि इथे बरेच हुशार विद्यार्थीसुद्धा फसतात. ते सरळ पळण्याची ऊर्जा उंचीच्या ऊर्जेत मिळवून मोकळे होतात.

वरच्याच उदाहरणात काठावर दोर तिरका आहे, ३७ अंशात. माणूस सेकंदाला ३ मीटरने आडवा पळत येतो आणि ताठ दोर धरून उडी घेतो. पण दोराची वाट तिथे आडवी नाहीये, ती ३७ अंश खाली झुकलेली आहे. त्याच्या वेगाचा वाटेच्या दिशेचा भाग ३ × ०.८ = २.४, आणि उरलेला १.८ हा दोराच्या दिशेने, फांदीकडे जाणारा. फांदीकडे जाणारा वेग म्हणजे दोर ढिला पडणार. क्षणभर माणूस नुसता हवेत उडतोय, मग दोर अचानक ताठ होतो आणि हिसका बसतो. त्या हिसक्यात बरीच ऊर्जा जाते आणि हात सुटायची वेळही तीच.

उलट दोर सरळ उभा लटकलेला असताना, फांदीच्या बरोबर खालून पळत जाऊन पकडला, तर पूर्ण वेग वाटेच्या दिशेने असतो, काहीच वाया जात नाही. म्हणजे फांदी अलीकडच्या काठाच्या वर असेल तर पळायचं. सेकंदाला ५ मीटरने पळालात तर १.२८ मीटर चढता, ५ मीटरच्या दोरावर ४२ अंश, आणि काठापासून ३.३ मीटर पुढे जाता. फांदी ओढ्याच्या मधोमध असेल तर पळण्यापेक्षा उंच दगड शोधा.

मधेच दोर सोडून उडी मारली तर जास्त लांब जाता येईल का? ४५ अंशाला सोडायचा असतो ना?

दोन वेगळे प्रश्न आहेत.

समोरचा काठ सारख्या उंचीचा असेल आणि तुम्ही उभं राहून निघाला असाल तर मधे सोडून काहीच फायदा नाही, उलट नक्की पडाल. कारण असं: दोर सोडल्यावर हवेत तुमचा आडवा वेग तसाच राहतो, तो उंचीत बदलत नाही. म्हणजे थोडी ऊर्जा कायम आडव्या वेगात अडकलेली, त्यामुळे तुम्ही सुरुवातीच्या उंचीपर्यंत परत कधीच चढत नाही. काठाच्या पातळीला गुरुत्वमध्य पोचणारच नाही.

सोडून फायदा होतो तो खाली पाण्यात किंवा खालच्या पातळीवरच्या वाळूत उतरायचं असेल तेव्हा. समजा उतरायची पातळी अशी आहे की झोक्याच्या सगळ्यात खालच्या बिंदूपासून गुरुत्वमध्य अजून २ मीटर खाली जाणार. तोच ५ मीटरचा दोर, तीच ३७ अंशांची सुरुवात. मी वेगवेगळ्या कोनाला सोडून अंतर काढलं, फांदीच्या रेषेपासून पुढे. अगदी खाली, शून्य अंशाला सोडला तर २.८३ मीटर. २० अंशाला ४.५८. २३ अंशाला ४.६४. २५ ला ४.६४ च्या जरासं खाली. ३० ला ४.४४. आणि शेवटपर्यंत धरून ३७ ला सोडला तर फक्त ३, कारण वेगच उरला नाही, सरळ खाली.

म्हणजे सगळ्यात चांगला कोन २३-२४ अंश. ४५ अंशाचा नियम जमिनीवरून चेंडू फेकायचा, जिथे कोणत्याही कोनाला वेग सारखाच असतो. झोक्यावर जेवढं वर जाल तेवढा वेग कमी होत जातो, म्हणून लवकर सोडावं लागतं. आणि या उदाहरणात झोका ४५ अंशापर्यंत जातच नाही. अजून एक बघा, २० पासून २५ पर्यंत अंतर जेमतेम सहा सेंटिमीटरने बदललं, म्हणजे अगदी अचूक क्षण पकडायची गरज नाही, फक्त टोकापर्यंत वाट बघत बसू नका. आपल्याकडे मुलं नेमकं टोकाला गेल्यावर सोडतात, कारण तिथे थांबल्यासारखं वाटतं आणि धीर येतो.

दोरावर ताण किती येतो?

सगळ्यात जास्त ताण सगळ्यात खाली. तिथे दोर दोन कामं करतो, वजन पेलतो आणि तुम्हाला वर्तुळात वळवतो. सूत्र असं निघतं: ताण = वजन × (३ − २ × सुरुवातीच्या कोनाचा कॉस). दोराची लांबी यात येतच नाही, फक्त कोन, हे मला अजूनही फार सुंदर वाटतं.

३७ अंशाला: ३ − १.६ = १.४ पट. ६० किलोच्या माणसाला ८४ किलोचा भार, न्यूटनमध्ये ८२३. वरच्या दगडावरून निघालात तर १.५७ पट, ९४ किलो. ६० अंशाला दुप्पट. आणि दोर पूर्ण आडवा धरून, ९० अंशातून निघालात तर तिप्पट, १८० किलो.

हा तिप्पटचा निकाल ख्रिस्तियान हायगेन्सचा आहे. डच माणूस, १६५९ मध्ये त्याने वर्तुळाकार गतीवर काम केलं, त्यात हे आहे की पाव वर्तुळ खाली आलेला लंबक तळाशी आपला दोर स्थिर असतानाच्या तिप्पट जोराने ओढतो. त्याचं हे लिखाण छापून आलं १७०३ मध्ये, तो वारल्यावर. न्यूटनने गतीचे नियम मांडले त्या प्रिन्सिपिया ग्रंथाच्या २८ वर्षं आधी त्याने हे काढलं होतं. बारावीच्या पहिल्याच धड्यात उभ्या वर्तुळातली गती शिकवतो तेव्हा मी हायगेन्सचं नाव आवर्जून घेतो.

मग हात टिकतात का?

खरी मर्यादा दोराची नसते, हातांचीच असते. नुसतं लोंबकळणं वेगळं आणि दीडपट वजनाने लोंबकळणं वेगळं. ज्याला वीस-तीस सेकंद आरामात लोंबकळता येत नाही त्याने तळाशी दोर सुटणार हे धरूनच चालावं, आणि तळाशी सुटणं म्हणजे सगळ्यात जास्त वेग असताना सुटणं. दोराला खाली एक जाड गाठ मारा, किंवा आडवं लाकूड बांधा आणि त्यावर बसा. बसलात की हातांचा प्रश्न संपला, फक्त हिशोबाची लांबी परत काढायची.

लहान मुलं यात मोठ्यांपेक्षा बरी असतात. वजन आकारमानाने वाढतं, स्नायूची ताकद त्याच्या जाडीने, म्हणून छोट्या शरीराला स्वतःचं वजन पेलणं सोपं जातं. पारंब्यांवर दहा वर्षांची पोरं लीलया खेळतात आणि चाळिशीतले काका दोन सेकंदांत खाली, त्याचं हे कारण.

दोर थोडा ढिला ठेवून उडी मारली तर काय होतं?

करू नका. समजा तुमच्या वजनाने दोर ५ सेंटिमीटर ताणतो, आणि तुम्ही अर्धा मीटर ढील असताना सरळ खाली पडलात. हिसक्याचा भार वजनाच्या साडेपाच पट येतो, ६० किलोला ३३५ किलो. झोक्यात ताण हळूहळू चढतो, हिसक्यात एकदम. फांदी मोडते ती बहुतेक अशीच.

मधोमध फांदी नाहीये, दोन झाडांना आडवा दोर बांधून त्याच्या मधे झोका बांधला तर?

चालतं, पण आडवा दोर जेवढा ताठ तेवढा धोका जास्त. आडव्या दोराच्या दोन्ही बाजू आडव्यापासून १० अंशच खाली झुकल्या असतील तर प्रत्येक बाजूवर झोक्याच्या ताणाच्या २.९ पट ताण येतो. आपले ८४ किलो तिथे २४० च्या पुढे जातात. ३० अंश झुकू दिलं तर फक्त ८४ च. कपडे वाळत घालायची दोरी मधे झुकली की आपण ओढून ताठ करतो, तीच सवय इथे उलटी पडते.

दोर लांब असलेला चांगला की आखूड?

लांब, जर झाड तेवढं उंच असेल तर. तोच ६ मीटरचा ओढा, दोर ३.५ मीटर असेल तर कोन ५९ अंश, खाली येणं १.७ मीटर, ताण जवळजवळ दुप्पट. १० मीटर असेल तर कोन १७.५ अंश, खाली येणं फक्त ४६ सेंटिमीटर, ताण १.०९ पट, म्हणजे हातांना काही विशेष जाणवणारही नाही. मात्र ऊर्जा वाया जाऊन जे अंतर कमी पडतं ते दोन्हीकडे जवळपास सारखंच, नऊ ते बारा सेंटिमीटर, लांब दोराने त्यातून सुटका नाही.

नागपंचमीच्या झोक्यावर उभं राहून जोर देतात तसा इथे देता येईल का?

देता येतो, पण एका खेपेत फार मिळत नाही. झोक्यावर तळाशी येताना उठून उभं राहायचं आणि टोकाला बसायचं, त्यात तुम्ही गुरुत्वमध्य वर उचलता, तेही वजन सगळ्यात जड वाटतं अशा वेळी, म्हणून तुमच्या स्नायूंनी केलेलं काम झोक्यात जातं. बायका दोघी समोरासमोर उभ्या राहून झोका आभाळाला लावतात तो असाच, अनेक खेपांत.

आपल्या ओढ्यावर एकच खेप आहे. तळाशी हातांनी अंग ३० सेंटिमीटर वर ओढून घेतलंत तर वेग ४.४ वरून ४.७ होतो, आणि समोर गुरुत्वमध्य काठाच्या मानाने ४३ सेंटिमीटर जास्त वर जातो. पण आडवं अंतर? ३ च्या जागी ३.०६. दोर आखूड झाला ना, म्हणून. म्हणजे पाय उचलून काठावर टाकायला याचा उपयोग आहे, अंतर वाढवायला नाही.

मधे उभ्या असलेल्या मुलाला उचलून पलीकडे नेलं तर? परीक्षेत विचारतात.

६० किलोचा माणूस तळाशी ३० किलोच्या मुलाला कवेत घेतो. ही टक्कर आहे, इथे ऊर्जा टिकत नाही, संवेग (वस्तुमान × वेग) टिकतो. वेग दोन तृतीयांश होतो, उंची चार नवमांश, म्हणजे १ मीटरच्या जागी ४४ सेंटिमीटर, आणि अंतर ३ च्या जागी २.०६. दोघंही मधेच. पेपरात जे ऊर्जेचं समीकरण सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लावतात त्यांचे मार्क इथेच जातात.

कोणता दोर घ्यायचा?

कमी ताणणारा. गिर्यारोहणात स्टॅटिक आणि डायनॅमिक असे दोन प्रकार असतात, डायनॅमिक पडणाऱ्या माणसाचा हिसका खायला मुद्दाम ताणणारा केलेला असतो, झोक्याला स्टॅटिक हवा. बाजारातल्या साध्या नायलॉनच्या दोराने आम्ही एकदा केलं होतं, काठावर उभं राहून लांबी अगदी नीट मोजली, हिशोबाने पाय पाण्याच्या वीतभर वर राहायला हवे होते, आणि तळाशी आलो तर गुडघ्यापर्यंत पाण्यात. चार मीटरचा दोर दहा टक्के ताणला तर ४० सेंटिमीटर होतात. दोर ताणत नाही हे गृहीत धरलेलं तिथेच तुटलं.

लांबीची चूक किती महागात पडते याचं एक खरं उदाहरण आहे. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या कोरोना आर्च या दगडी कमानीखाली असाच मोठा झोका घेताना एक तरुण गेला. दोर लागत होता त्यापेक्षा लांब ठेवला गेला होता आणि तो खाली जमिनीवर आदळला. दोर तुटला नव्हता.

कॉम्प्युटरवर कसं करायचं?

स्प्रेडशीट पुरते, पायथॉन येत असेल तर दहा ओळी. तीन रकाने: वेळ, कोन, कोनीय वेग. प्रत्येक ओळीत ०.०१ सेकंद पुढे जायचं. कोनीय त्वरण = − (९.८ ÷ लांबी) × साईन कोन. एकच काळजी घ्या, आधी कोनीय वेग बदला आणि मग त्या नव्या वेगाने कोन बदला. जुन्या वेगाने बदललात तर दर झोक्याला ऊर्जा आपोआप वाढत जाते आणि माणूस समोरच्या काठाच्या वर वर जायला लागतो, आणि मुलांना वाटतं काहीतरी नवीन सापडलं. कोन रेडियनमध्ये ठेवा. मग हवेचा रोध घाला, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वेगाच्या उलट दिशेने, आणि बघा समोर किती कमी पडतं.

चंद्रावर?

वाट तीच, पोचतो तिथेच, फक्त अडीच पट हळू, आणि ताण एक षष्ठांश.

प्रत्यक्ष करून बघायचं असेल तर सुरुवात कुठून?

माणसापासून नाही. एका पोत्यात वाळू भरा, सगळ्यात जड माणसाच्या वजनाएवढी. पोतं दोराला बांधा, पोत्याचा मधला भाग तुमच्या गुरुत्वमध्याच्या जागी येईल असं. आधी नुसतं लटकवून दोन-तीन माणसांनी ओढून बघा, म्हणजे तळाशी येणाऱ्या ताणापेक्षा जास्त भार फांदीला आणि गाठीला एकदा देऊन होतो. फांदी हिरवी आहे ना, खोडाजवळ तडा नाही ना, दोर सालीवर घासत नाही ना, घासत असेल तर खाली गोणपाट. मग पोतं ३ मीटरवरून सोडा, ढकलू नका, नुसतं सोडा, आणि समोर कुठपर्यंत जातं तिथे एकाने काठी रोवायची. दहा वेळा सोडा. २.८९ ला पोचलं तर आठ टक्के, २.८० ला पोचलं तर चौदा टक्क्यांच्या पुढे. हा तुमच्या झाडाचा, तुमच्या दोराचा आकडा. पोतं तळातून जाताना त्याच्याखाली किती जागा उरते तेही कुणीतरी बाजूला बसून बघायचं आणि त्यातून तुमच्या पायांची लांबी वजा करायची. मग दगड किती उंच लागेल ते काढा, आणि त्या उंचीवरून परत पोतंच सोडा.